उसनवारी

दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरी दोन गोष्टी हमखास घडतात. शेजाऱ्यांकडून आलेली फराळाची ताटे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने जमा होतात, आणि माझा व माझ्या पुतण्याचा कशावरून तरी वाद होतो. पहिल्या गोष्टीची व्यवस्था आमची मंडळी पाहते. दुसरीचे श्रेय मात्र माझ्याकडे येते. कारण वादाची सुरुवात बहुधा मीच केलेली असते.

गेल्या दिवाळीत या वादाचे निमित्त एक तबकडी झाली. पुतण्या बंगळूरहून आला तो ती बरोबर घेऊनच आला, आणि नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान, फराळ वगैरे यथासांग झाल्यावर "काका, डीजेचं काही ऐकवतो तुम्हाला," असे म्हणाला. 'डीजे' हा शब्द ऐकताच माझ्या छातीत धडकी भरली. आपल्याकडे या दोन अक्षरांचा अर्थ ठरून गेला आहे. ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत, तिच्यामागे नाचणारी वरात किंवा मिरवणूक, आणि रस्त्यालगतच्या घरांतून थरथरणारी तावदाने! पण पुतण्याने मला शांत केले. मूळ शब्दाचा त्या भिंतीशी काही संबंध नाही, म्हणाला. डीजे म्हणजे तबकड्या वाजवणारा. दुसऱ्यांनी केलेली गाणी निवडून, एकापुढे एक अशी लावून, त्यांचा अखंड प्रवाह करणारा माणूस. त्या प्रवाहाची जी तबकडी निघते तिला 'मिक्स' म्हणतात.

त्याने आणलेल्या तबकडीचे नाव 'ॲज हर्ड ऑन रेडिओ सोलवॅक्स, भाग दुसरा'. बेल्जियममधल्या गेन्ट शहरचे डेव्हिड आणि स्टीफन डेवाले हे सख्खे भाऊ 'टू मेनी डीजेज' या नावाने तबकड्या वाजवतात. त्यांची ही तबकडी २००२ साली निघाली. एका तासाच्या आसपास संगीत, त्यात पंचेचाळीसच्या घरात गाणी, आणि ती गाणी इतरांची. एके ठिकाणी तर त्यांनी गंमतच केली आहे. 'द स्टूजेस' नावाच्या अमेरिकन गिटारवाल्या मंडळींचे १९६९ सालचे 'नो फन' हे उदास, चिडके गाणे खाली चालू ठेवले आहे, आणि त्याच्यावर न्यूयॉर्कच्या 'सॉल्ट-एन-पेपा' या मुलींचे १९८७ सालचे 'पुश इट' हे ठसकेबाज गाणे बसवले आहे. पुढे डॉली पार्टनबाईंचे कचेरीत राबणाऱ्या बायकांवरचे 'नाइन टू फाइव्ह' येते आणि त्यातून नकळत 'रॉयक्सॉप' या नॉर्वेच्या जोडीचे यंत्रांवरचे संगीत उमलते.

मी ऐकले. खरे सांगायचे तर पहिल्या दहा मिनिटांनंतर मला ते आवडू लागले होते. पण आवडलेली गोष्ट पुतण्यासमोर लगेच कबूल करणे हे काकाच्या पदाला शोभत नाही. म्हणून मी म्हणालो, "सगळं ठीक आहे, पण यात या दोघांचं काय? चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, गळा दुसऱ्याचा. लग्नात शेजारणीचे दागिने घालून मिरवावं, त्यातला हा प्रकार!"

पुतण्या हसून म्हणाला, "काका, पण शेजारणीला विचारून घातले असले तर? आणि मांडवात सगळ्यांना सांगितलं असलं की हे तिचे आहेत, तर?"

या प्रश्नाला माझ्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. तेव्हा ओट्यावरून चहा आला आणि वाद तात्पुरता थांबला. पण प्रश्न काही थांबला नाही. तो माझ्याच एका दुखऱ्या जागेला लागला होता. ते पुढे सांगतो.

आधी त्या दोघा भावांची बाजू मांडणे न्यायाचे होईल. दोन तबकड्या जोडणे हे वाटते तितके सोपे काम नाही. १९७०च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या वास्तूत 'सँक्चुअरी' नावाचे नाचघर होते. तिथे फ्रान्सिस ग्रासो हा तरुण दोन यंत्रांवर दोन तबकड्या ठेवून वाजवी. एका गाण्याचे ठोके दुसऱ्याच्या ठोक्यांवर तंतोतंत बसवायचे, म्हणजे नाचणाऱ्याचे पाऊल न अडखळता गाणे बदलते, ही विद्या प्रथम नावारूपाला आणणाऱ्यांत त्याची गणना होते. एका गाण्याचे मिनिटाला १२२ ठोके असले आणि दुसऱ्याचे १२५, तर एकाचा वेग किंचित वाढवावा लागतो किंवा दुसऱ्याचा कमी करावा लागतो. १९७९ साली 'टेक्निक्स' कंपनीचे जे सुधारलेले यंत्र आले त्यात यासाठी एक सरकती दांडीच होती. तिने वेग शेकडा ८ पर्यंत कमीजास्त करता येई. हातात एवढेच. बाकीचे सारे कानावर. आपल्याकडे तबलजी गवयाची लय पाहून आपला हात आवरतो किंवा सोडतो, त्यातलीच ही जाण आहे.

पुढे गाणी करणाऱ्यांनाही या जोडणाऱ्यांची सवय झाली. नाचघरांसाठी म्हणून बारा इंची मोठ्या तबकड्या निघू लागल्या. त्यांच्या आरंभी आणि शेवटी पुष्कळदा नुसते ठोके ठेवलेले असत. म्हणजे मागच्या गाण्याला बाहेर पडायला आणि पुढच्याला आत यायला वाट. घर बांधणाऱ्यानेच शेजाऱ्यासाठी दाराची कडी काढून ठेवावी, तसे. टॉम मोल्टन याने १९७५ साली ग्लोरिया गेनर यांच्या 'नेव्हर कॅन से गुडबाय' या तबकडीच्या पहिल्या बाजूवर तीन गाणी खंड न पडता एकात एक गुंफली, तेव्हा घरात बसून ऐकणाऱ्यालाही हा प्रवाह प्रथमच मिळू लागला. जोडणी ही कला आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. शंका आहे ती हक्काची. कला असली म्हणून दुसऱ्याचे घेण्याचा हक्क मिळतो का?

या बाबतीत डेवाले बंधूंची हकिगत मोठी बोधप्रद आहे. त्यांनी आणि त्यांच्या प्रकाशकांनी एकूण १८७ गाण्यांसाठी परवानगी मागितली. पत्रे, फॅक्स, टेलिफोन यांत वर्षे गेली. ११४ गाण्यांना होकार आला. ६२ गाण्यांना नकार मिळाला. आणि उरलेल्या ११ गाण्यांचे मालकच सापडले नाहीत. हे तीन आकडे मी कागदावर मांडून पुष्कळ वेळ पाहत बसलो. उसनवारीचे सगळे नीतिशास्त्र या तीन आकड्यांत आहे, असे मला वाटू लागले.

होकाराचे विशेष काही नाही. पण नकाराचे आहे. हे बासष्ट नकार न्याय्य होते का? पुष्कळदा असा नकार गाणाऱ्याचा नसतो. गाणे विकत घेतलेल्या पेढीचा असतो, आणि त्यामागे कलेपेक्षा हिशेब अधिक असतो. तरीही मला वाटते की तो मानला पाहिजे. नकार ऐकून घेण्याची तयारी नसेल तर आपण परवानगी मागतच नसतो. घेणार आहोत एवढे कळवत असतो. शेजारणीने "नाही" म्हटल्यावर जी तिचा हार मागच्या दाराने नेते, ती मांडवात कितीही शोभून दिसली तरी तिच्या शोभण्याला अर्थ नाही. त्या दोघा भावांची तबकडी बासष्ट गाण्यांवाचून उभी राहिली. काय काय हुकले असेल, कोण जाणे! पण जे आहे ते विचारून आणलेले आहे.

यावर पुतण्याने मला आणखी दोन उदाहरणे दिली. कॅनडातल्या विंडसर गावी वाढलेला रिची हॉटिन हा डीजे. त्याने २००१ साली 'डीई ९ : क्लोजर टू द एडिट' ही तबकडी काढली. शंभराहून अधिक रचना घेऊन त्याने त्यांचे तीनशेवर बारीक तुकडे केले. एखादा तुकडा तर एका स्वराएवढा. मग ते तुकडे पुन्हा जुळवून एक नवीच नक्षी केली. दुसरा रिकार्दो विलालोबोस. लंडनच्या 'फॅब्रिक' नाचघराची तबकड्यांची एक मालिका २००१ सालापासून चालू होती. तिच्या ३६व्या तबकडीसाठी २००७ साली त्याला बोलावले, तर त्याने दुसऱ्याचे काही न घेता सगळ्या आपल्याच, काही सहकाऱ्यांच्या साथीने केलेल्या रचना जोडल्या.

वरवर पाहता विलालोबोस सर्वांत निर्दोष. ना उसने घेणे, ना देणे. पण जरा खोलात गेले की तेही खरे वाटत नाही. तो ज्या ठोक्यावर आपले संगीत उभारतो तो ठोका १९८०च्या दशकात शिकागो आणि डेट्रॉईटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी घडवला. 'हाउस' हे त्या संगीताचे नाव शिकागोच्या 'वेअरहाउस' या नाचघरावरून पडले, आणि तिथे फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत असे. तुकडा उचलला नाही म्हणून ऋण टळत नाही. हॉटिनचे उलटे आहे. त्याने इतके बारीक दळले की पिठातला दाणा कुठल्या शेताचा हे शेतकऱ्यालाही ओळखू येऊ नये. मग दाणा ओळखू येत नाही म्हणून ऋण संपते का? मला वाटते, नाही. ऋण हे वस्तू ओळखू येण्यावर अवलंबून नसते. घेणाऱ्याला तर ठाऊक असते ना, की आपण घेतले!

आपल्याकडे कीर्तनकार हेच काम शतकानुशतके करीत आले आहेत. पूर्वरंगाला एका संताचा अभंग, निरूपणात दुसऱ्याची ओवी, मध्येच मोरोपंतांची आर्या, आणि उत्तररंगात पुराणातली कथा. बुवांचे स्वतःचे यात काय, असे कोणी विचारीत नाही. कारण ते सारे एका दोऱ्यात ओवणे हेच बुवांचे असते. पण आपल्या संतांनी एक शहाणपण करून ठेवले आहे. अभंगाच्या अखेरच्या चरणात कर्त्याची नाममुद्रा असते. त्यामुळे अभंग पूर्ण म्हणायचा तर कर्त्याचे नाव तोंडातून गेल्यावाचून राहत नाही. ऋणाची नोंद पदार्थातच शिजवून टाकलेली! मिक्समध्ये नेमके उलटे घडते. गाणे संपण्यापूर्वीच पुढचे सुरू होते, शेवट कापला जातो, आणि नाव असलेच तर वेष्टनावर बारीक अक्षरांत जाऊन बसते. वेष्टन हरवले की नावही हरवले.

नाव हरवल्याने काय होते? काही फार होत नाही, असे आपण म्हणतो. चकली प्रथम कोणी केली हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून ती कमी खुसखुशीत होत नाही. हे खरे आहे. पण ग्रेगरी कोलमनची गोष्ट ऐकल्यापासून मला हे तितक्या निश्चिंतपणे म्हणता येत नाही.

कोलमन हा अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाचा ढोलवादक. १९६९ साली त्यांनी 'अमेन, ब्रदर' नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते दुसऱ्या एका गाण्याच्या पाठीमागच्या बाजूला होते. त्यात मध्ये सगळी वाद्ये थांबतात आणि कोलमन एकटाच चार मात्रांची चार आवर्तने वाजवतो. जेमतेम सात सेकंद. पुढे १९८०च्या दशकात आवाज साठवणारी यंत्रे आली, तेव्हा कोणीतरी ती सात सेकंदे उचलली, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आज हजारो गाण्यांत ती आहेत. 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' या इंग्लंडातल्या संगीतप्रकारांचा पायाच मुळी त्या सात सेकंदांवर आहे, आणि त्या प्रकारांच्या मिक्स-तबकड्यांत ती पुन्हा पुन्हा, कधी सरळ, कधी चिरफाळून ऐकू येतात. कोलमन २००६ साली वारला. त्या वेळी तो निष्कांचन होता. राहायला घर नव्हते. आपल्या सात सेकंदांचे जगभर काय झाले आहे, याची त्याला कल्पना तरी होती की नाही, याचीही शंकाच आहे. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांनाही वर्षानुवर्षे एक पै मिळाली नव्हती. २०१५ साली इंग्लंडातल्या दोघा डीजेंनी वर्गणी जमवून त्यांना २४,००० पौंड दिले. कोलमनपर्यंत मात्र ते पोचायचे राहिलेच.

चकलीचा आणि या सात सेकंदांचा फरक इथे आहे. चकलीचा मूळ कर्ता आपल्या उसनवारीमुळे उपाशी राहिला नाही. कोलमन राहिला. मृतांचे ऋण नाव घेऊन, पुढे शिकवून फिटते. आपल्या शास्त्रकारांनी ऋषिऋण फेडण्याची हीच रीत सांगितली आहे. पण जिवंत माणसाचे ऋण नुसत्या नामस्मरणाने फिटत नाही. त्याला भाकरी लागते. आणि सगळ्यांत वाईट हे, की त्याच्याकडून उचलणाऱ्यांपैकी कोणी दुष्ट नव्हता. प्रत्येकाने एवढेच गृहीत धरले होते की, आपण ज्याच्याकडून घेतले त्याने तरी विचारले असेल.

आता माझ्या त्या दुखऱ्या जागेविषयी.

माझी आई जात्यावर ओव्या फार गोड म्हणायची. ती गेल्यावर, मला आठवत होत्या तेवढ्या ओव्या मी वहीत उतरवल्या आणि छोटेखानी पुस्तिका छापून वर्षश्राद्धाला आप्तेष्टांना वाटली. मुखपृष्ठावर आईचे नाव घातले. खाली 'संकलन' म्हणून माझे. लोकांनी वाखाणणी केली. एकदोघांच्या डोळ्यांत पाणीही आले. मला धन्यता वाटली.

पण आई एकटी दळत नसे. जात्याच्या खुंट्याला दोन हात असत. दुसरा हात असे शेजारच्या अक्कांचा. त्या एकट्या राहत. पहाटे आपली पायली घेऊन आमच्या पडवीत येत. ओवी पुष्कळदा अक्काच सुरू करीत आणि आई उचलून धरी. त्या पुस्तिकेतल्या निम्म्याअधिक ओव्या अक्कांच्या तोंडून आईने घेतलेल्या आहेत. हे मला छापताना ठाऊक होते. विसरलो होतो असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण मी विसरलो नव्हतो. 'आईच्या ओव्या' असे म्हटले की गोष्ट कशी सुटसुटीत होत होती! अक्कांना मध्ये आणले असते तर तो सुटसुटीतपणा गेला असता. आणि अक्का तर कधीच्याच गेल्या होत्या. त्यांचे कोणी मागे नव्हते. विचारणार कोणाला?

म्हणजे त्या अकरा गाण्यांसारखेच. मालक सापडत नाही. डेवाले बंधूंनी ती अकरा गाणी सोडून दिली, कारण कायद्याला तेवढाच मार्ग ठाऊक आहे. पण ओव्यांना तो नियम लावला तर एकही ओवी उरणार नाही. सगळ्यांच कर्त्या बेपत्ता आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या कोणी रचल्या हे त्यांनाही सांगता आले नसते. पण कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटल्या, याची नोंद त्या कामात आहे. मूळ गाठता येत नसेल तर निदान आपल्याला ज्या हाताने मिळाले तो हात दाखवावा. तेवढे तर सर्वांनाच करता येते. मला येत होते. मी केले नाही.

पुतण्याला मी विचारले होते, यात या दोघांचे काय? आता मला वाटते, मी प्रश्नच चुकीचा विचारला. आपल्यापैकी कोणापाशी तरी पूर्णपणे स्वतःचे असे काय असते? भाषा उसनी, रीतभात उसनी, करंजीचे सारणसुद्धा सासूकडून नाहीतर आईकडून आलेले. आपण सगळेच जोडणारे आहोत. निर्माते थोडे, आणि तेही थोडा वेळ. तेव्हा 'हे तुझे आहे का' हा प्रश्न सोडून द्यावा. विचारावे ते एवढेच : ज्याचे घेतले त्याला विचारले का? त्याचे नाव सांगितले का? आणि जोडणाऱ्याने त्या वस्तूला काही दिले का? 'नो फन' आणि 'पुश इट' ही गाणी एकमेकांना कधी भेटली नसती. त्या दोघांनी त्यांची गाठ घालून दिली, आणि त्या भेटीत उदास गाण्याला हसू फुटले, ठसकेबाज गाण्याला थोडी धार आली. ऐकल्यावर मला दोन्ही मूळ गाणी ऐकाविशी वाटली. जोडणाऱ्याने मूळ वस्तूकडे माणूस परत पाठवला, तर त्याने काही दिले असे मी समजतो.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आमची मंडळी शेजाऱ्यांची ताटे परत पाठवायच्या तयारीत होती. प्रत्येक ताटात ती आपल्या घरचे काहीतरी घालत होती. ताट रिकामे परत करायचे नाही, ही आमच्या घरची लहानपणापासूनची शिस्त. मी कपाटातून पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती काढल्या. बावीस निघाल्या. पुतण्याला म्हटले, "एक पान छापून दे. यात चिकटवायचं आहे."

त्याने संगणक उघडला आणि म्हणाला, "सांगा काका."

मी सांगितले : 'यातील निम्म्याहून अधिक ओव्या आमच्या शेजारच्या अक्कांनी म्हटलेल्या आहेत. आईने त्या त्यांच्यापासून घेतल्या.'

"अक्कांचं पूर्ण नाव?" त्याने विचारले.

मला ते आठवेना. कधी माहीत होते की नाही, हेही आठवेना. आम्ही त्यांना अक्काच म्हणत होतो. पुतण्या बोटे रोखून थांबला होता. शेवटी मी म्हटले, "अक्का, एवढंच राहू दे. आणि खाली लिही, पूर्ण नाव मी विचारून ठेवलं नाही."

त्याने लिहिले. मग त्याने ती तबकडी पुन्हा लावली, आणि मी काही न बोलता ती शेवटपर्यंत ऐकली.